गाईड आहेत, पण मार्गदर्शन मिळत नाही. काय करू?

तुमचं पत्र सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतर वाचणाऱ्यांसाठी त्याचा गाभा असा: अकोला जिल्ह्यातलं गाव, नागपुरात मानसशास्त्रात एम.ए., आता पुण्यात एका प्रकल्पावर रिसर्च असिस्टंट. करार अकरा महिन्यांचा, तो दोनदा वाढवून मिळाला. वय एकोणतीस. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यावर पीएचडी करायची आहे. गाईड मिळाले आहेत, पण त्यांच्याकडे आधीच सात विद्यार्थी आहेत आणि भेट होते ती महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. "मॅडम, चांगला मेंटॉर कसा शोधायचा? आणि मी उशीर तर केला नाही ना?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण ती धाकधूक मनात असेल तर बाकीचं डोक्यात शिरणार नाही. उशीर झालेला नाही. आमच्याकडे, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात, एमबीबीएस आणि एमडी करून संशोधनाकडे वळणारी माणसं तिशी ओलांडूनच येतात आणि पुढची आठ-दहा वर्षं नवोदितच म्हणवली जातात. तुमच्या गाठीशी तर दोन वर्षांचं फील्ड आहे आणि घरची वऱ्हाडी आहे. तिचं मोल पुढे सांगते. कामाचं म्हणाल, तर ते दोन पिढ्यांना पुरेल एवढं पडलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांतल्या ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या आणि १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होतं. आपण महाराष्ट्रातली माणसं हे आकडे सर्रास वापरतो, पण त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तुमच्या गावाबद्दल ते सर्वेक्षण थेट काहीच सांगत नाही. ते सांगायला तुमच्यासारखं कुणीतरी लागणार आहे.

आता मेंटॉरबद्दल. हा शब्द तुमच्या पत्रात सहा वेळा आला आहे आणि दर वेळी एकवचनात. मला वाटतं, अडचण तिथेच आहे.

आपल्या मनात गुरू पक्का बसलेला असतो. एक माणूस भेटेल, तो सगळं देईल, आपण फक्त निष्ठेने मागे चालायचं. त्यामुळे गाईडकडून आपण विषय, पद्धत, आकडेमोड, भाषा, नोकरी, धीर अशा सगळ्याच गोष्टींची अपेक्षा धरतो आणि त्या मिळाल्या नाहीत की खचतो. तुमच्या सरांकडे जरा त्यांच्या खुर्चीतून पाहा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. म्हणजे तुमचे सर प्राध्यापक असतील, तर तुम्हाला धरून आठ विद्यार्थी नियमात बसतात. पण त्यांच्यावर शिकवणं आहे, पेपर तपासणी आहे, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाचं काम आहे. दहा मिनिटांत ते जे देऊ शकतात ते नोंदणी, सही, सल्लागार समितीपुढे पाठराखण आणि 'हे झेपेल, हे झेपणार नाही' असा अंदाज. या गोष्टी हलक्या नाहीत. त्या त्यांच्याकडून घ्या आणि मनापासून आभार माना. बाकीच्या गोष्टींसाठी बाकीची माणसं जोडा.

गुरूच्या त्या प्रतिमेने आणखी एक नुकसान होतं, आणि मी ते स्वतः भोगलं आहे. गुरूपुढे अर्धवट काही न्यायचं नाही, असं आपल्याला वाटतं. मसुदा चकाचक होईपर्यंत दाखवायचा नाही, आणि तो चकाचक होतच नाही, म्हणून सहा-सहा महिने कुणी पाहत नाही. संशोधनातल्या या बावीस वर्षांत मी जे काही शिकले ते समोर ठेवलेल्या कच्च्या गोष्टीवरून शिकले: खाडाखोड केलेलं पान, अर्धा भरलेला तक्ता, मुलाखतीची टेप. 'करिअरबद्दल थोडं बोलायचं होतं' म्हणून झालेल्या भेटींतलं मला आज फारसं काही आठवत नाही.

एक प्रसंग सांगते. पहिल्या अभ्यासाचे भरलेले फॉर्म घेऊन मी एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले होते. त्यांचा मानसिक आरोग्याशी काही संबंध नव्हता, ओळखीच्या ओळखीने वेळ मिळाली होती. मला वाटलं, ते कुठली टेस्ट लावायची ते सांगतील. त्यांनी गठ्ठ्याला हातही लावला नाही. "तुला शोधायचं काय होतं?" एवढंच विचारलं. मी पंधरा मिनिटं बोलले. त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि चार ओळी, तीन स्तंभ असा रिकामा तक्ता काढला. डावीकडे लिहिलं 'त्रास सुरू झाल्यापासून किती दिवसांनी मदत मागितली', वर लिहिलं 'कुणाकडे'. मग कागद माझ्याकडे सरकवला. "हा भरला की तुझं उत्तर मिळणार ना? भर." मी फॉर्म उलटले-पालटले. मदत कुणाकडे मागितली, ते होतं. त्रास कधी सुरू झाला, हे मी विचारलंच नव्हतं. तीन गावं पालथी घालून आणलेल्या त्या गठ्ठ्यातून तो तक्ता भरणार नव्हता.

त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: प्रश्नावली छापायच्या आधी रिकामे तक्ते काढा. प्रबंधात जे चार-पाच मुख्य तक्ते असतील ते ओळी-स्तंभांच्या नावांसकट कागदावर आणा, आकडे सोडून. काढता येत नसतील तर प्रश्न अजून पिकलेला नाही. काढता आले, तर ते संख्याशास्त्र जाणणाऱ्या कुणालाही दाखवता येतात. मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात अशी माणसं हमखास भेटतात. सगळं झाल्यावर 'सर, अ‍ॅनालिसिस करून द्या' म्हणणाऱ्यांना ती कंटाळलेली असतात. आधी येऊन विचारणाऱ्याला आनंदाने वेळ देतात.

तुमचा विषय, 'शेतकरी कुटुंबांचं मानसिक आरोग्य', या कसोटीवर उतरत नाही. त्याचा तक्ता काढून पाहा, निघणार नाही. तो विषय आहे, प्रश्न नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की तुमच्या काकूंना, काका गेल्यानंतर वर्षभर झोप नव्हती आणि त्या फक्त अंगदुखीच्या गोळ्या आणायला उपकेंद्रात जायच्या. प्रश्न तिथे आहे. नवऱ्याच्या आत्महत्येनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत बायका आरोग्यसेवेकडे कुठली तक्रार घेऊन जातात? समोरच्या नर्सताईंना किंवा डॉक्टरांना त्यामागचं दुःख कळतं का? कळलं तर ते काय करतात? याचे तक्ते काढता येतील, मुलाखतीही घेता येतील आणि एका तालुक्यात राहून तीन-चार वर्षांत हे काम पुरं होईल. घरातलं दुःख संशोधनात आणावं की नाही, याचा विचार मात्र सावकाश करा. मी आणायला हरकत नाही म्हणेन, पण स्वतःच्या गावात मुलाखती घेऊ नका. शेजारचा तालुका धरा.

तुमच्याच भागात आधी काय झालं आहे ते नीट वाचा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालवला. तो विदर्भातल्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवरच उभा राहिला होता. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षाने केलेल्या पाहणीत ते २७.२ टक्के आढळलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हे आलं. निकाल वाचून थांबू नका. आधीची आणि नंतरची अशा दोन पाहण्यांवर तो उभा आहे, मग कार्यक्रमाशिवाय आणखी कशामुळे फरक पडू शकला असता, हे स्वतःला विचारा. असे प्रश्न पडू लागले की त्या लेखकांना लिहायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

गोव्यातल्या 'संगाथ'चं कामही असंच वाचा. १९९६ मध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था सुरू केली. त्यांच्या 'मानस' या प्रयोगात आरोग्याचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर मुलींना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत बसवलं होतं. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेल्यांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण त्यामुळे ६५.९ टक्के झालं. जिथे समुपदेशक नव्हत्या तिथे ते ४२.५ टक्के होतं. खासगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाही. २०१० च्या त्या लेखातला हा दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. तीच पद्धत आणि तेच राज्य असूनही दवाखान्याचा प्रकार बदलला की निकाल बदलला. नवीन संशोधकाचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा अशा फटीतून निघतो.

आता ज्या माणसाबद्दल कुणी सांगत नाही त्याच्याकडे येते. इतर विषयांच्या संशोधकाला हा माणूस नसला तरी चालतं, आपल्याला नाही. आपलं मोजमापाचं साधन म्हणजे आपलं ऐकणं. ते ऐकणं तपासणारं आणि ऐकून आल्यावर आपल्याला सांभाळणारं कुणीतरी लागतं.

मी नवीन असताना एका ज्येष्ठ सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर बाईंनी माझ्या मुलाखतीची टेप माझ्याबरोबर बसून ऐकली. मी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजण्याची प्रश्नावली विचारत होते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पहिला प्रश्न कशातच रस न वाटण्याचा, दुसरा उदास वाटण्याचा. टेपवर माझा आवाज: "गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का?" मुलाखत देणारी बाई म्हणाली, "उदास-गिदास काई नाई जी. पन मन लागत नाई कुठी." आणि लगेच माझा आवाज: "बरं. झोप कशी आहे?" सोशल वर्कर बाईंनी टेप थांबवली. "काय लिहिलंस?" मी दुसऱ्या प्रश्नाला शून्य लिहिलं होतं. "ती तुला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होती. तू दुसऱ्यावर होतीस, म्हणून तुला ते ऐकूच आलं नाही. पहिल्याला काय दिलंयस?" तिथेही शून्य होतं, कारण पहिला प्रश्न मी कागदावरच्या मराठीत विचारला होता: "एखादी गोष्ट करण्यात स्वारस्य किंवा आनंद न वाटणे." स्वारस्य! त्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नसेल. बाईंनी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. "आणि हे बघ, 'कुठी' म्हटल्यावर ती थांबलीय. तू श्वासाएवढीही थांबली नाहीस."

वीस मिनिटांच्या त्या बैठकीत मला तीन गोष्टी कळल्या: माझा डेटा चुकीचा आहे, माझं भाषांतर चुकीचं आहे आणि मी घाईत आहे. वर्षभराच्या व्याख्यानांतून हे कळलं नसतं. तुमच्या वऱ्हाडीचं मोल म्हणते ते हेच. 'मन लागत नाही', 'जीव घाबरते', 'डोकं भणभणते', 'टेन्शन आहे' हे शब्द प्रश्नावलीतल्या कुठल्या चौकटीत जातात आणि कुठल्याच चौकटीत जात नाहीत, हे तुम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. एक भाषांतर करणार, दुसरा ते न बघता परत मूळ भाषेत नेणार, मग दोन्ही ताडून पाहायचं, ही रीत तुम्ही कोर्सवर्कमध्ये शिकाल. ती कराच. पण त्यानंतर गावातल्या आठ-दहा बायकांना प्रश्न वाचून दाखवा आणि "यात तुम्हाला काय विचारलं?" असं विचारा. खरी चाळणी तिथे लागते.

टेप ऐकून चुका दाखवणाऱ्या अशा बाई तुम्हाला मिळाल्या नाहीत तर? गोव्यात 'हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम' हा नैराश्यावरच्या समुपदेशनाचा कार्यक्रम राबवताना स्थानिक समुपदेशक गटात बसून एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. तुम्हीही दोन सहकारी गाठा. दर पंधरवड्याला एक शनिवार, एकाचं एकच ध्वनिमुद्रण, पाऊण तास. मुलाखत देणारीची ध्वनिमुद्रणाला आणि ते टीममध्ये ऐकायला लेखी संमती हवी, नावगाव काढलेलं हवं, एथिक्स कमिटीच्या अर्जात ते नमूद हवं. एवढं पाळलंत तर याला पैसे लागत नाहीत आणि कुणा मोठ्या माणसाची परवानगीही लागत नाही.

सांभाळण्याबद्दल. एका घरातून मुलाखत घेऊन आल्यावर मला दोन आठवडे नीट झोप लागली नव्हती. मी ते कुणाला बोलले नाही, कारण संशोधकाने हळवं व्हायचं नसतं अशी माझी समजूत होती. त्या प्रकल्पात जीपच्या किलोमीटरची नोंद रोज होई, पण संध्याकाळी आम्हा मुलींना "आज काय ऐकलंस, बरी आहेस ना?" असं विचारणं कुणाच्याच कामात नव्हतं. दोघी जणी सहा महिन्यांत काम सोडून गेल्या. त्यांना हे काम झेपलं नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या उत्तम ऐकणाऱ्या होत्या. तुम्ही मृत्यू आणि वियोगावर काम करणार आहात. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती ठेवू नका. त्याच संध्याकाळी कुणाशी बोलणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. ती तुमच्या विभागातली समुपदेशक असेल, नागपूरची जुनी मॅडम असेल. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात सुपरव्हिजन म्हणून रक्कम मागा. मागितली नाही तर मिळणार नाही आणि पुढच्या मुलीलाही मिळणार नाही.

याच्याच जोडीला, पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असा तो आहे. तुमच्या विषयात 'हो' म्हणणाऱ्या बायका भेटणारच. त्या क्षणी काय करायचं हे गावात ठरवता येत नाही. आधी लिहून ठेवा: पुढे कुठले प्रश्न विचारायचे, घरातल्या कुणाला आणि तिच्या संमतीने कसं सांगायचं, तालुक्यातल्या कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातलं कोण भेटतं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून द्या, 'हो' म्हणो वा न म्हणो. ती यादी खिशात नसेल तर त्या दिवशी प्रश्नावली काढू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९९ संशोधनाबद्दल आहे, ते मुळातून वाचा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची नुसती मुलाखत घ्यायलाही तिची मुक्त आणि समजून दिलेली संमती लागते. संशोधनात मानसिक, शारीरिक किंवा औषधोपचाराचा हस्तक्षेप असेल आणि व्यक्तीची संमती देण्याची क्षमता नसेल पण विरोधही नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नातेवाइकाने "घ्या हो लिहून" म्हटलं म्हणजे भागत नाही.

आता माणसांना लिहायचं कसं. आपण फार भिडस्त असतो. "आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाची नितांत गरज आहे" असं पत्र लिहितो आणि उत्तर आलं नाही की मन खट्टू होतं. त्या पत्राला उत्तर देणं खरंच अवघड असतं, कारण नेमकं काय हवंय ते त्यात नसतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पाच ओळी पुरतात: मी कोण, माझा प्रश्न एका वाक्यात, तुमच्या अमुक लेखातलं मला न सुटलेलं तमुक, सोबत एका पानाचा तक्ता, आणि "यातला तिसरा स्तंभ मोजता येईल असं तुम्हाला वाटतं का?" वेळ मागायचा तो वीस मिनिटांचा. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायची, मग सोडून द्यायचं. उत्तर मिळालं तर महिन्याभरात कळवा की त्या सल्ल्याचं तुम्ही काय केलं. दुसऱ्यांदा लिहिणारे थोडे असतात आणि मी तरी त्यांनाच ओळखते. अशी तीन-चार उत्तरं आली, की त्यातली एक-दोन माणसं पुढची दहा वर्षं तुमची असतात. तेव्हाही त्यांना कुणी मेंटॉर म्हणेल असं नाही.

हे सगळं गाईडला आधी सांगा. दुसऱ्या कुणाकडून परस्पर कळलं की दुखावतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. "सर, तक्ते अमुक मॅडमना दाखवू का?" एवढं विचारलंत की बहुतेक गाईड सुटकेचा श्वास सोडतात. पद्धत जाणणारं कुणी को-गाईड म्हणून घेता आलं तर उत्तमच. नाही तर सल्लागार समितीत त्यांचं नाव सुचवा.

लेखनातल्या नावांबद्दल थोडं कठोर बोलते. माझ्या पहिल्या दोन लेखांवर माझं नाव नव्हतं, मुलाखती मात्र माझ्या होत्या. मी विचारलंच नव्हतं, कारण विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकाचे चार निकष ठरवून दिले आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची सुधारणा करणं, अंतिम मजकुराला संमती आणि छापल्यानंतरची जबाबदारी. नुसता डेटा गोळा केला म्हणून नाव येत नाही आणि नुसती खुर्ची आहे म्हणूनही येत नाही. त्यामुळे सध्याच्या प्रकल्पात आत्ताच म्हणा, "मी एका भागाचा पहिला मसुदा लिहू का?" आणि कुणाचं नाव कितवं, हे लिहायला बसण्याच्या आधी ई-मेलवर ठरवा. पैसे भरा आणि आठवड्यात छापा, अशा जर्नल्सच्या वाटेला जाऊ नका. मान्य जर्नल्सची यूजीसीची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून चांगलं-वाईट ओळखण्याची जबाबदारी आपल्यावरच आली आहे. पीएचडीसाठी लेख छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांतून काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा पाहून घ्या आणि घाईने काहीतरी छापू नका. एक चांगला लेख दोन वर्षं खाऊ दे.

पैशाचं. अकरा महिन्यांच्या करारावर पीएचडी रेटणं हाल करून घेणं आहे. नेट-जेआरएफ ही राष्ट्रीय परीक्षा द्या, तिच्यातून मिळणाऱ्या फेलोशिपमध्ये सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. नसेल जमत तर राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी ज्या प्रवर्गात बसत असाल त्या संस्थेच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. विदर्भातल्या मुलांना त्या उशिरा कळतात. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतल्या साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम नोंदणीआधीच करून टाका, प्रस्ताव लिहिताना त्याचा फार उपयोग होतो. पीएचडीनंतरसाठी संशोधनाला फेलोशिप देणाऱ्या इंडिया अलायन्सचं नाव लक्षात ठेवा. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टने २००८ मध्ये ती सुरू केली. तिच्या फेलोशिपच्या अर्जात तुमच्या प्रश्नाइतकाच, तुम्ही कुणाकडून काय शिकणार, याचा विचार होतो. आत्ता जोडलेली माणसं तेव्हा कागदावर उभी राहतात. परदेशाबद्दल तुम्ही विचारलंय. पद्धत शिकायला सहा महिने, वर्षभर जरूर जा. पण प्रश्न अकोल्यातला असेल तर मुक्काम इथे हवा.

घरच्यांचं तुम्ही लिहिलंय, "आई म्हणते, एवढं शिकून अजून प्रोजेक्टवरच?" त्यांना एकदा फील्डवर बरोबर न्या. मी माझ्या आईला नेलं होतं, ओसरीवर ती त्या बायकांशी तासभर बोलत बसली होती. त्यानंतर तिने नोकरी कधी पक्की होणार, असं मला विचारलं नाही.

सरांची पुढची भेट महिनाअखेर असेल. त्या दहा मिनिटांत एक पान न्या: वर प्रश्न, खाली एक रिकामा तक्ता, त्याखाली ज्या दोघांना तो दाखवायचा आहे त्यांची नावं. आणि सही मागायच्या आधी तो मलाही पाठवा. कच्चाच पाठवा, नीटनेटका करण्यात आठवडा घालवू नका. तीन दिवसांत खाडाखोड करून परत करते.